फिरत्या निरोपाला प्रमाण काय?

वारकरी माउली हो,

वारीत आपण नाव, गाव, जात न विचारता समोरच्याच्या पायाला हात लावतो. तोही लावतो. या रीतीत एक निर्णय आहे. अनोळखी माणूस आधी माउली, बाकीची चौकशी मागाहून. हातातला मोबाईल याच्या उलट शिकवू लागला आहे. अनोळखी माणूस आधी चोर, चौकशी मागाहून. या दोन शिकवणी एका घरात नांदायच्या नाहीत. म्हणून स्पष्टच सांगतो, गळ्यात तुळशीची माळ असलेल्याने खात्री नसलेला निरोप पुढे ढकलणे हा माळेचा अपमान आहे.

एवढे कठोर कशाला, असे कोणी म्हणेल. ऐका. १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवा त्या दिवसांत गावोगाव फिरत होत्या. मारले गेलेले भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे तालुक्याचे.

नाथपंथी हा शब्द वाचून पुढे जाऊ नका. गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला आणि निवृत्तिनाथांनी ज्ञानोबांना. आपल्या माउलीची गुरुपरंपरा ज्या पंथाची, त्याच पंथाचे नाव सांगणारे हे भिक्षेकरी.

मंगळवेढे तर चोखोबांचे. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांकडे सापडला म्हणून त्यांच्यावर चोरीचा आळ आला आणि त्यांना मार खावा लागला, अशी कथा परंपरेने जपली आहे. कीर्तनात ती ऐकताना आपले डोळे भरून येतात. मग आजच्या आळाच्या वेळी आपले बोट त्या बटणावर का जाते?

राईनपाड्यानंतर तरी शहाणपण आले का? सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातले चार साधू विजापूरकडून पंढरीला निघाले होते. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावात त्यांनी एका मुलाला वाट विचारली. मुले चोरणारे म्हणून त्यांना काठ्यांनी मारले. पंढरीची वाट विचारणाऱ्याला पंढरीच्या मुलखात मार! आमच्या टेंभुर्णीतून पंढरीचा रस्ता फुटतो. वाट विचारणारे इथेही रोज येतात.

आता शास्त्र पाहू. न्यायशास्त्र चार प्रमाणे मानते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यांत शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आणि तशीच सांगितली, तो आप्त. आपली गल्लत इथेच होते. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. मेव्हण्याने पाठवले, म्हणजे खरे! अहो, मेव्हणा सोयरा आहे, साक्षीदार नाही. त्याला दुसऱ्याने पाठवले, त्याला तिसऱ्याने. मूळ सांगणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. असा शब्द हजार जणांनी पाठवला तरी प्रमाण होत नाही. कीर्तनकार प्रमाण न देता बोलला, तर फडावरचे जाणते त्याला तिथेच अडवतात. मोबाईलला का अडवत नाही?

दुसरी फसवणूक कात्रीची. शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात, मग तो खोडून सिद्धान्त सांगतात. कीर्तनातला पूर्वपक्ष तेवढा ठेवून सिद्धान्त कापला, तर कोणत्याही बुवाला अर्ध्या मिनिटात पाखंडी ठरवता येईल. त्या काळात मोटारसायकलवरून मूल उचलून नेण्याची एक चित्रफीत देशभर फिरली. ती कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूल परत आणून देतात आणि फलक दाखवतात, हा शेवट कोणीतरी कापला. उरला तो पूर्वपक्ष. त्यावर लोकांनी माणसे पारखली.

कोणी म्हणेल, लेकराबाळांचा प्रश्न आहे, सावध केलेले काय वाईट? सावध करायचे तर पोलीस पाटलाला सांगा, ठाण्यात कळवा. तिथे नाव द्यावे लागते, उत्तर द्यावे लागते. गटात ढकलायला काहीच लागत नाही. ज्याला आपल्या नावाची जबाबदारी नको, त्याने दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये.

मोबाईल फेकून द्या, असे मी म्हणत नाही. त्यावर हरिपाठ ऐकता येतो, वारीत चुकलेली म्हातारी सापडते. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा निरोपावर दुहेरी बाण दिसतो. व्यापार करणाऱ्या कंपनीला गाळणी लावावी लागली. परमार्थ करणाऱ्यांची गाळणी कुठे आहे?

ती नामदेवरायांनी दाखवली आहे. मंगळवेढ्याची वेस कोसळून चोखोबा आणि कितीतरी मजूर गाडले गेले. हाडांच्या ढिगातून चोखोबांची हाडे कशी ओळखायची? नामदेवरायांनी एकेक हाड कानाशी धरले आणि विठ्ठलनाम ऐकू आले तेवढेच उचलले. गर्दीचे ऐकले नाही, अंदाज केला नाही.

तेव्हा दिंडीचालक, फडकरी, विणेकरी यांना माझे सांगणे आहे. दिंडीच्या गटात कोणावर आळ घेणारा निरोप आला की तीन गोष्टी विचारा. हे कोणी पाहिले? केव्हा पाहिले? पाहणाऱ्याशी तू स्वतः बोललास का? उत्तर नसेल तर निरोप तिथेच पुसायला लावा. तरीही न ऐकणाऱ्याला वारीपुरते गटाबाहेर ठेवा. आणि दारी अनोळखी भिक्षेकरी आला, तर आधी तांब्याभर पाणी द्या, मग गाव विचारा.

राम कृष्ण हरी.