अंथरूण पाहून निष्कर्ष

स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमतेच्या पेपरात एका ठरावीक जातीचा उतारा असतो. इतक्या लोकांची पाहणी झाली, अमुक खाणाऱ्यांत तमुक आजार कमी आढळला. खाली चार पर्याय आणि प्रश्न असा, की यातून सर्वांत तर्कसंगत अनुमान कोणतं निघतं? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट, म्हणजे हाच पेपर, २०११ साली आलं, राज्यसेवेत २०१३ साली. तेव्हापासून ते शिव्या खातंय. आता दोन्हीकडे हा पेपर ३३ टक्क्यांपुरता, म्हणजे पात्रतेपुरता उरला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यासोबत ‘असल्या प्रश्नांत काही राम नव्हताच’ असा जो समज अभ्यासिकांपासून संपादकीयांपर्यंत पक्का झाला, त्याच्याशी मला भांडायचं आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. आक्षेप घेणारे म्हणतात, उमेदवार इतिहास शिकलेला. त्याच्यापुढे हृदयविकाराची पाहणी ठेवणं अन्यायाचं, कारण बारावीला सायन्स घेतलेल्याला ती सोपी जाते. दुसरं असं, की ‘उताऱ्यात आहे तेवढंच खरं धरा, स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवा’ ही अटच विचित्र. अधिकाऱ्याला पुढे जन्मभर स्वतःचंच ज्ञान वापरायचं असतं. आणि हे सगळं क्लासमध्ये घोटून घेता येतं, मग त्यातून तर्कशक्ती ती कसली मोजली? या शेवटच्या आक्षेपात सगळ्यात जास्त जीव आहे, म्हणून तो शेवटी घेतो. उताऱ्यांच्या भाषांतराची तक्रार इथे घेतच नाही. ती खरी आहे आणि तिच्यावरचा इलाज चांगला भाषांतरकार नेमणं हाच.

पहिल्या आक्षेपाला एक खराखुरा उतारा पुरेल. अमेरिकेत १९७६ साली लाखाहून अधिक परिचारिकांची दीर्घ पाहणी सुरू झाली. त्यांतल्या पाळी गेलेल्या ४८,४७० जणींची दहा वर्षांची नोंद १९९१ साली प्रसिद्ध झाली. इस्ट्रोजेन घेत असलेल्यांमध्ये गंभीर हृदयविकाराचा धोका, कधीच न घेतलेल्यांच्या मानाने, ४४ टक्क्यांनी कमी दिसला. आता पर्याय लिहू. अ : इस्ट्रोजेनमुळे हृदयविकार टळतो. ब : पाळी गेलेल्या प्रत्येक बाईने ते घ्यावं. क : या परिचारिकांमध्ये इस्ट्रोजेन घेणं आणि हृदयविकार कमी असणं या गोष्टी सोबत आढळल्या. ड : इस्ट्रोजेनचा हृदयाशी काहीएक संबंध नाही.

तयारीचा विद्यार्थी ‘क’वर खूण करील, मग तो इतिहासाचा असो की मराठीचा. त्या काळातल्या कितीतरी डॉक्टरांनी मात्र ‘अ’वर खूण केली आणि काही ‘ब’पर्यंत जाऊन पोचले. त्यांचं ज्ञान तोकडं होतं असं कोण म्हणेल? इस्ट्रोजेनने कोलेस्टेरॉल सुधारतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळेच ‘अ’ त्यांना ढळढळीत दिसत होता. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीत १६,६०८ बायकांना, कुणी निवड न करता, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. २००२ साली ही चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. औषध घेणाऱ्या गटात हृदयविकार २९ टक्क्यांनी जास्त निघाला आणि स्तनांचा कर्करोगही वाढलेला दिसला.

असं का व्हावं? एक कारण असं, की आपणहून हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच निराळ्या होत्या : साधारणपणे बऱ्या परिस्थितीतल्या, तब्येतीला जपणाऱ्या, डॉक्टरकडे वेळेवर जाणाऱ्या. आपल्या नैयायिकांना हा घोटाळा चांगला माहीत होता. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. त्या ओल्या सरपणाला ते उपाधी म्हणत आणि उपाधी सापडली की अनुमान मोडलं असं समजत. तर्कसंग्रह वाचणारा पाठशाळेतला विद्यार्थी हे शिकत असे. त्याला विज्ञान शाखेतून यावं लागत नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असती तर सोपं होतं. पण २००२ च्या निष्कर्षाचंही तेच झालं. २९ टक्के हा आकडा बातम्यांतून फिरला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० च्या जागी ३७ जणींना हृदयविकार झाला, हे त्याच आकड्याचं दुसरं रूप. ते फारसं कुणी वाचलं नाही. शिवाय त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. नुकतीच पाळी गेलेली, अंगातून वाफा निघतायत म्हणून रात्र रात्र जागणारी पन्नाशीची बाई त्यांच्यात थोडी. तरी भीती सगळ्यांनाच बसली आणि गोळ्या सगळ्यांच्याच सुटल्या. एकदा पुराव्यापलीकडे उडी मारून पडलेली माणसं दुसऱ्यांदा उलट्या दिशेने तीच उडी मारतात. म्हणूनच दुसरा आक्षेप मला उलटा वाटतो. स्वतःचं ज्ञान बाजूला ठेवा, ही अट कायमची नाही. हा कागद किती सांगतो आणि मी त्यात पदरचं किती घालतोय, हे वेगळं मोजता यावं, एवढ्यासाठी ती आहे. जिल्हा रुग्णालयात मृत्यूचं प्रमाण ग्रामीण रुग्णालयापेक्षा जास्त आहे, असा तक्ता उद्या या उमेदवाराच्या टेबलावर येईल. अत्यवस्थ रोगी जिल्ह्याला पाठवले जातात हे ज्ञान त्याने तेव्हा जरूर वापरावं. पण तक्ता स्वतःहून काय बोलतो हे आधी वाचल्याशिवाय त्या ज्ञानाची गरज कुठे आहे, हे त्याला कळणार कसं?

आता क्लासचा आक्षेप. इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बराच जवळ आहे. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘नेहमी’ असे शब्द असलेला पर्याय डोळे मिटून खोडा; आणि दोन गोष्टी सोबत आढळल्या की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणा, पुढच्या प्रश्नावर जा. या दोन मंत्रांवर बरेच गुण पदरात पडतात, हे खरं. पण दुसरा मंत्र जपणारा माणूस शहाणा ठरतो असं समजू नका. तो मंत्र विसाव्या शतकातल्या सर्वांत थोर संख्याशास्त्रज्ञांपैकी एकाने जपला होता आणि साफ चुकला होता.

रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली लंडनच्या रुग्णालयांतले फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रोगी आणि इतर ७०९ रोगी यांची तुलना केली. पुढे ब्रिटनमधल्या सुमारे ४० हजार डॉक्टरांच्या नोंदी ठेवल्या. सिगारेट आणि कर्करोग यांची सोबत प्रत्येक वेळी दिसली. त्यावर ते थोर संख्याशास्त्रज्ञ, रोनाल्ड फिशर, म्हणाले, सोबत म्हणजे कारण नव्हे. सिगारेटची ओढ आणि कर्करोग, दोन्ही एकाच आनुवंशिक गुणातून येत असतील. फिशर पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागारही होते, पण तो मुद्दा सोडू. त्यांचा युक्तिवाद त्याच्या बळावर पाहू. जेरोम कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली त्याला हिशेबाने उत्तर दिलं. ओढणाऱ्यांत कर्करोग नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या गुणामुळेच असेल, तर तो गुणही ओढणाऱ्यांत निदान नऊपट आढळला पाहिजे. असा गुण कुठे आहे, दाखवा. तो कुणी दाखवू शकलं नाही.

मुंबईतही १९५५ साली सांघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि तोंडा-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं होतं. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, तीही चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना तंबाखू चघळायला लावून मिळालेल्या पुराव्यावर नव्हे. असा प्रयोग कुणी करू नये आणि कुणी केलाही नाही. पाहणीतला पुरावा पुरेसा साचला की त्यातून कारणाचा निष्कर्ष काढावाच लागतो. न काढणं हीसुद्धा तर्काची चूक आहे, आणि तिची किंमत माणसं जिवाने मोजतात.

तेव्हा प्रश्न काढून टाकण्याऐवजी ते कठीण करा, असं माझं म्हणणं आहे. आज जास्तीची उडी मारणारे पर्याय तीन असतात आणि मवाळ पर्याय एक. मवाळ दिसला की विद्यार्थी टिकमार्क करून मोकळा होतो. त्यांत हात आखडता घेणारा चुकीचा पर्यायही हवा, म्हणजे क्लासचे मंत्र चालणार नाहीत आणि उतारा वाचावा लागेल.

नमुना घरचाच आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत आरोग्यदूत शिकवून नवजात बाळांची घरीच देखभाल सुरू केली. ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीचीच व्यवस्था. सुरुवातीला नवजात मृत्युदर दोन्हीकडे हजारी साठीच्या आसपास होता. तिसऱ्या वर्षी तो ३९ गावांत २५.५ वर आला, उरलेल्या गावांत ५९.६ वरच राहिला. ‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली हे छापून आलं. पर्याय एक : ही पद्धत भारतात कुठेही इतकीच परिणामकारक ठरेल. पर्याय दोन : गावं चिठ्ठ्या टाकून वाटली नव्हती, म्हणून यातून काहीच सांगता येत नाही. पर्याय तीन : या गावांतली घट देखभालीमुळेच झाली असण्याची शक्यता बळकट आहे आणि ही पद्धत इतरत्र करून पाहावी. मंत्रवाला विद्यार्थी ‘कुठेही’ हा शब्द पाहून पहिला खोडील आणि दुसऱ्यावर अडकेल. ‘बळकट’ हा शब्द त्याला धोक्याचा वाटेल.

प्रत्यक्षात तिसऱ्या पर्यायाप्रमाणेच झालं. महाराष्ट्रातल्या आणि बाहेरच्याही इतर ठिकाणी ही पद्धत आधी करून पाहिली गेली आणि २०११ साली आशा कार्यकर्त्यांमार्फत ती सरकारी कार्यक्रमात आली.