विश्लेषण : पाच वर्षांत १२ हजार घरे, फ्रँकफर्टच्या एर्न्स्ट माय यांना हे कसे जमले?

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची तीव्र टंचाई होती. अशा काळात, १९२५ ते १९३० दरम्यान, फ्रँकफर्ट महापालिकेच्या गृहनिर्माण कार्यक्रमातून १२ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. त्यामागचे नाव होते पालिकेचे मुख्य वास्तुविशारद एर्न्स्ट माय. आजही या कामाचे दाखले दिले जातात. पण ही घरे नेमकी कोणाला परवडली?

पैसा कुठून आला?

माय यांचा जन्म १८८६ मध्ये फ्रँकफर्टमध्येच झाला. उमेदवारीच्या काळात ते इंग्लंडमध्ये रेमंड अनविन यांच्याकडे उद्यान-वसाहतींचे काम शिकले. १९२५ मध्ये महापौर लुडविग लांडमान यांनी नगररचना आणि बांधकाम या दोन्हींची सूत्रे त्यांच्या हाती दिली. त्यामुळे फाइल या खात्यातून त्या खात्यात फिरत राहण्याचा प्रश्न बराचसा मिटला.

निधीची व्यवस्था तर अधिकच चतुर होती. १९२३ च्या महागाईत चलन कवडीमोल झाले आणि जुन्या घरांवरची कर्जे जवळपास आपोआप फिटली. असा आयता फायदा झालेल्या घरमालकांवर १९२४ पासून कर बसवण्यात आला आणि त्यातून नव्या घरांना स्वस्त कर्ज मिळू लागले.

साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर

दारे, खिडक्या, अगदी कडी-मुठींचीही मापे ठरवून दिली गेली. काही वसाहतींत भिंतींचे काँक्रीटचे तुकडे कारखान्यात ओतून क्रेनने जागेवर बसवले जात. यातले सर्वांत गाजलेले काम मात्र माय यांचे नव्हे, तर त्यांच्या चमूतील मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांचे. १९२६ मध्ये त्यांनी १.९ बाय ३.४ मीटरचे स्वयंपाकघर आखले. ओटा, सिंक, डबे सगळे हाताशी, म्हणजे बाईची पायपीट कमी. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनचे मूळ इथेच सापडते.

गणित कुठे बिघडले?

साचेबद्ध बांधकामाने वेग आला, पण भाडे फक्त विटा-सिमेंटवर ठरत नाही. दशकाच्या अखेरीस व्याजदर चढे होते आणि भाडी त्याप्रमाणेच ठरली. कारकून, शिक्षक, कुशल कामगार या घरांत आले. ज्यांना गरज सर्वाधिक होती तो अकुशल मजूर बाहेरच राहिला. पूर्ण वीजेवर चालणाऱ्या, सुमारे १२०० घरांच्या र‍्योमरश्टाट वसाहतीत रहिवाशांना विजेचे बिलही जड जात होते. यावर उतारा म्हणून घरे आणखी लहान करण्यात आली. १९२९ मध्ये आधुनिक वास्तुविशारदांची आंतरराष्ट्रीय परिषद फ्रँकफर्टला भरली, तिचा विषयच ‘किमान गरजेपुरते घर’ हा होता. म्हणजे व्याजाचे ओझे तसेच राहिले आणि कात्री लागली ती भाडेकरूच्या जागेला.

पुढे काय झाले?

मंदी आली, निधी आटला. १९३० मध्ये माय सहकाऱ्यांसह सोव्हिएत संघात नवी औद्योगिक शहरे आखायला गेले. तिथून निघेपर्यंत जर्मनीत नाझी सत्तेवर आले होते. परतीचा रस्ता बंद झाला. पूर्व आफ्रिकेत त्यांनी आधी शेती केली, मग पुन्हा वास्तुरचना. लांडमान यांनाही १९३३ मध्ये पद सोडावे लागले. १९४५ मध्ये नेदरलँड्समध्ये अज्ञातवासात त्यांचा मृत्यू झाला. माय १९५४ मध्ये जर्मनीत परतले, ‘नोये हाइमाट’ या मोठ्या गृहनिर्माण संस्थेत रुजू झाले आणि १९७० मध्ये हॅम्बुर्गला वारले. र‍्योमरश्टाटमध्ये आजही लोक राहतात. तिथले एक घर मूळ स्वयंपाकघरासह संग्रहालय म्हणून जपले आहे.