छायाचित्रांचा राखणदार

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एक अपरिचित तरुण माझ्या घरी आला. त्याचे आजोबा सारंगिये होते आणि माझ्या वडिलांना कैक वर्षे साथ करीत. घरात आजोबांची एकही तसबीर नाही, तुमच्याकडे एखादी असली तर पाहावी, एवढेच त्याचे मागणे. आमच्या दिवाणखान्यात वडिलांचा एक फोटो आहे. वडील राजवाड्याच्या पदरचे गवई. दरबार संपल्यावरही सणावारी त्यांचे गाणे तेथे होत असे, त्या काळातला हा फोटो. मध्ये वडील, मागे उभे दोन तंबोरे, डावीकडे तबल्याची अर्धी जोडी आणि उजव्या कडेला सारंगीचा गज धरलेला एक हात. हात तेवढा दिसतो, त्याचा धनी चौकटीबाहेर राहिला आहे. ‘तो हात तुझ्या आजोबांचा’ असे त्या मुलाला सांगताना मी ओशाळलो.

फोटोच्या पाठीवर रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओचा शिक्का आणि खाली शाईने लिहिलेला एक आकडा होता. तेवढ्या आधारावर आम्ही दोघे तेथे गेलो. फोटो काढणारे गृहस्थ कधीच निवर्तले. दुकान त्यांचे चिरंजीव चालवतात, तेही साठीच्या पुढचे. पुढच्या भागात पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स, मागे एके काळची अंधारखोली आणि तिच्यात छतापर्यंत रचलेले पत्र्याचे डबे. त्यांनी जुनी वही काढली, आकडा जुळवला आणि एका डब्यातून बटरपेपरचे पाकीट बाहेर काढले. नेगेटिव्ह चौरस होती. तंबोऱ्यांसाठी उभी प्रत करताना दोन्ही कडा गाळल्या गेल्या होत्या. खिडकीच्या उजेडात धरताच, काळ्यापांढऱ्याच्या त्या उलटापालटीतही सारंगिये पुरते दिसले. डोक्याला फेटा, मान वाद्याकडे झुकलेली. दुकानदारांनी कॅमेऱ्याने नेगेटिव्हचाच फोटो घेतला, संगणकावर काळ्याचे पांढरे केले आणि अर्ध्या तासात नातवाच्या हाती आजोबा दिले. पैसे घेतले ते एका प्रतीचे. इतकी वर्षे डबा सांभाळल्याचे कोणी दिले नाहीत आणि त्यांनीही मागितले नाहीत.

त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. छायाचित्रकार म्हणजे फोटो काढणारा, असे आपण समजत आलो. तो गावाचा दप्तरदारही होता, हे आपल्या ध्यानातच आले नाही. आणि आता ते दप्तर ठेवणारे कोणी उरलेले नाही.

नव्या यंत्राला नावे ठेवण्याचा माझा मानस नाही. त्या नातवाला आजोबा भेटले तेही नव्या यंत्रामुळेच. शिवाय जुन्या काळाचे गोडवे गाताना हेही आठवावे, की तेव्हा फोटो निघत ते ऐपतदारांचे. आपल्या वाड्यांतल्या किती सोवळ्या आत्याबाई, किती स्वयंपाकी आणि किती साथीदार असे चौकटीबाहेर राहिले! आज मोलकरणीच्या मुलाच्या बारशाचेही पन्नास फोटो निघतात. ही गोष्ट लहान नाही.

पण फोटो काढून पोट भरणाऱ्याचे काय झाले, तेही पाहावे. वरील दुकानदारांचा पुतण्या लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या वडिलांच्या पिढीत एका रोलवर बारा चित्रे निघत, छोट्या रोलवर छत्तीस. प्रत्येक चित्रामागे पैसा जाई, म्हणून बोट दाबण्याआधी डोळा काम करी. आज हा मुलगा एका लग्नात तीन-चार हजार चित्रे घेतो. अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी पाहुण्यांचे वीस मोबाइल त्याच्यापुढे उभे राहतात, त्यांच्या फटीतून त्याला वधूचा चेहरा गाठायचा असतो. रात्री घरी येऊन तो सारा माल दोन डिस्कांवर उतरवतो, निकामी चित्रे काढून टाकतो, उरलेल्यांचे रंग सारखे करतो. लग्न दोन दिवसांचे, पण त्याचे काम पुढे कित्येक आठवडे चालते. एवढे झाल्यावर यजमान म्हणतात, ‘गाळू नका, सगळे फोटो द्या.’ आणि अल्बमसाठी शंभर निवडून द्या म्हटले, की सहा-सहा महिने त्यांना सवड होत नाही. करिझ्मा अल्बमचे पैसे तेवढे अडकून पडतात.

गायन शिकवणारा मी. विद्यार्थ्याला मी पहिल्यापासून सांगतो, की रागात काय घ्यायचे हे जितके महत्त्वाचे तितकेच काय सोडायचे हेही. सोडणे ज्याला कळत नाही त्याचा भूप केव्हा देशकार होईल, सांगता येत नाही. मैफलीनंतर कोणी गवयाला ‘तुम्ही न घेतलेल्या तानाही द्या’ असे म्हणत नाही. छायाचित्रकाराला मात्र आपण खुशाल म्हणतो. त्याची निवड हीच त्याची विद्या, आणि तिचेच मोल द्यायला आपण तयार नाही.

सांभाळण्याची गोष्ट याहून अवघड. मी त्या मुलाला विचारले, ‘पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाचे फोटो आज तुझ्याकडे सापडतील का?’ तो म्हणाला, ‘काका, वर्षभर ठेवतो. मग डिस्क भरते, नवी घ्यायची तर पैसे कोण देणार? पुसून टाकतो.’ त्याच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती, हिशेब होता. नेगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात विसरली तरी बरीच वर्षे तग धरते आणि डोळ्याला दिसते. डिस्क विसरली तर एके दिवशी ती बोलेनाशी होते. पेनड्राइव्ह कपाटात हरवतो. मोबाइल रिक्षात राहतो.

हा फेरा कसा फिरला पाहा. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने तयार केला. एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. कंपनीचा धंदा फिल्मचा, त्यामुळे या अपत्याचे फारसे कौतुक झाले नाही. १९ जानेवारी २०१२ रोजी त्याच कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. त्याच्या चारच दिवस आधी, १५ जानेवारीला, आपल्या बडोद्यात होमाई व्यारावाला वारल्या. भारतातल्या त्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ सालचा, नवसारीचा, म्हणजे तेव्हाच्या बडोदे संस्थानातलाच. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा ठेवला आणि पुढे अखेरपर्यंत त्या या गावात राहिल्या. त्यांचे काम आज पाहायला मिळते, ते दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाने ते आपल्याकडे घेऊन जपले म्हणून. पण रावपुऱ्यातल्या डब्यांना कोणते प्रतिष्ठान?

ज्या गावात सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन काढले, जेथे दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, त्या गावाला हा प्रश्न पडायला हवा. गाण्याच्या बाबतीत आपण एकदा ठेच खाल्लेली आहे. फैयाझ खाँसाहेब १९५० साली येथेच गेले. त्यांच्या रात्र-रात्र रंगलेल्या मैफलींपैकी आपल्या हाती उरले ते तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आणि थोडे रेडिओवरचे गाणे. तेव्हा साधने नव्हती, ही सबब खरी होती. आज ती सांगता येणार नाही.

म्हणून जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. कार्य ठरवताना छायाचित्रकाराशी फोटोंच्या संख्येची घासाघीस करू नये, निवडीचे काम त्याच्यावर सोपवावे. फोटो दहा वर्षे सांभाळण्याचे वेगळे पैसे ठरवून द्यावेत. हॉलच्या फुलांवर जातात त्यांपुढे ते काहीच नाहीत. दरवर्षी घरातले वीस-पंचवीस फोटो कागदावर छापून घ्यावेत आणि पाठीवर नावे, गाव, तारीख लिहावी. त्यात स्वयंपाकीण, ड्रायव्हर, साथीदार यांचीही नावे असावीत. आणि आपल्या विद्यापीठाने किंवा एखाद्या संस्थेने या जुन्या स्टुडिओंच्या वह्या आणि डबे ताब्यात घ्यावेत. पण मालकांना योग्य मोबदला देऊन, फुकट नव्हे.

निघताना त्या दुकानदारांनी सांगितले, फिल्ममधली चांदी काढणारे लोक दोनदा येऊन भाव विचारून गेले आहेत. मुलगा परदेशी असतो, दुकान किती दिवस चालवणार ते सांगता येत नाही. डब्यांचे काय करणार, असे मी विचारले. ते म्हणाले, ‘कोणी मागितले तर देईन. आजवर तुम्हीच मागायला आलात.’