सफर की जत्रा?

सुखवस्तू मराठी कुटुंबांच्या यात्रेच्या यादीत अलीकडे एका नव्या क्षेत्राची भर पडली आहे. आजोबांनी काशी-रामेश्वर केले, वडिलांनी सिंगापूर-दुबई केली, आता मुलांना आफ्रिकेतील सिंह दाखवावयाचा, असा बेत परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावीही घरोघर शिजू लागला आहे. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, बागायतदार, सर्वांच्या तोंडी नाव मात्र एकच, मसाई मारा. तेथेच का, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: ‘सगळे तेथेच जातात.’ या उत्तराविरुद्ध आमची तक्रार आहे. आफ्रिकेत जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. जावयाचे असेल तर जेथे फारसे कोणी जात नाही अशा प्रदेशात जावे, आणि तसे जाण्यास लागणारी तयारी करण्याचा कंटाळा असेल तर खुशाल घरी बसावे, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ‘सफारी’ हा शब्द इंग्रजीने पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतून उचलला आणि स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. मूळचा अरबी ‘सफर’ आपल्या मराठीतही आहे, आणि १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याला तर तो विशेष ओळखीचा. सफर म्हणजे प्रवास. त्यात वाट आहे, मुक्काम आहे, वाट पाहणे आहे आणि पुढे काय दिसेल याची अनिश्चितताही आहे. आज सफारीच्या नावाखाली जे विकले जाते त्यात यांपैकी काय उरले आहे? ठरल्या वेळी गाडीत बसावे, ठरल्या जागी प्राणी दिसावा, छायाचित्र निघावे आणि न्याहारीच्या आत परतावे. याला सफर म्हणणे म्हणजे भाषेचाही अपमान आहे. याचे खरे नाव जत्रा. परंतु जत्रेत निदान देव तरी पळून जाऊ इच्छीत नाही!

आमचे शब्द कोणास कठोर वाटतील, म्हणून दोन उदाहरणे देतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडविली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास या प्रकाराची आपण होऊन दखल घ्यावी लागली. त्यानंतर सहाच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, टांझानियातील सेरेंगेटीत मारा नदीच्या काठी पर्यटक गाड्यांतून खाली उतरले आणि नदी ओलांडावयास निघालेल्या विल्डबीस्टच्या कळपांच्या वाटेतच उभे राहिले. त्या दृश्याच्या चित्रफिती जगभर फिरल्या. देश निराळे, प्राणी निराळे, माणसे मात्र एकाच वळणाची. पैसे मोजले आहेत, तेव्हा प्राण्याने दर्शन दिलेच पाहिजे, अशी ही वृत्ती आहे. तिने एकदा घर केले म्हणजे उमरेड काय आणि सेरेंगेटी काय, सारखेच.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा या पाचांना ‘पाच बडे’ म्हणण्याची जी रूढी आहे ती निसर्गाच्या अभ्यासकांनी पाडलेली नाही. पायी शिकार करताना सर्वांत धोक्याचे प्राणी कोणते, या हिशेबाने गोऱ्या शिकाऱ्यांनी ती यादी केली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, पण यादी तीच राहिली. पाचांपैकी चार झाले, गेंडा तेवढा राहिला, अशी हळहळ करीत परतणारा गृहस्थ त्या शिकाऱ्यांचाच मानसपुत्र होय. अशाने मुलांना प्राणी दिसतात, अरण्य दिसत नाही.

एकांताची अरण्ये मात्र आफ्रिकेत आजही आहेत. टांझानियाच्या मध्यभागी असलेले रुआहा राष्ट्रीय उद्यान १९६४ साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्याच्या सुमारे तिप्पट. त्याच देशाच्या दक्षिण भागात सेलूसच्या जुन्या राखीव रानातून २०१९ साली न्येरेरे राष्ट्रीय उद्यान वेगळे काढण्यात आले. ते याहूनही मोठे आहे. झांबियातील लुआंग्वा नदीचे खोरे तिसरे. सिंह, हत्ती, बिबटे, रानकुत्रे आणि पाणघोडे तेथेही आहेत. नाही ती फक्त गर्दी, आणि गर्दीच्या मागोमाग येणारी प्रसिद्धी.

लुआंग्वाचा इतिहास तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५० साली, त्या देशावर इंग्रजांचे राज्य असताना, नॉर्मन कार या वनाधिकाऱ्याने न्सेफू या स्थानिक प्रमुखाशी बोलणी करून पाहुण्यांसाठी तळ उभारला आणि त्याचे उत्पन्न तेथील लोकांकडे जावे अशी व्यवस्था केली. बंदूक सोडून रानात पायी हिंडविण्याची प्रथाही त्यानेच तेथे रुजविली. पायी चालणाऱ्यास सिंहाआधी सिंहाचा माग दिसतो, हत्तीआधी त्याने सोललेली साल दिसते, वाळवीचे वारूळ दिसते, पाखराचा इशारा ऐकू येतो. जे शिक्षण आम्ही वर्गात वर्षभर देऊ शकत नाही ते मुलास तेथे एका सकाळी मिळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, एवढा खर्च करावयाचा आणि प्राणी कमी दिसले तर? आमचे उत्तर असे की, प्राणी केव्हा दिसतात हे गर्दीवर अवलंबून नसून ऋतूवर अवलंबून असते, आणि ऋतूची चौकशी आपली कुटुंबे कधी करीत नाहीत. आपल्याला सुट्टी मे महिन्यात, म्हणून सहल मे महिन्यात! विकणाराही तेवढ्याने खूश असतो. विल्डबीस्टचे कळप साधारणतः जुलै ते ऑक्टोबर या काळात माऱ्यात असतात. मे महिन्यात जाऊन नदीपार होणारे कळप पाहण्याची आशा धरणे म्हणजे चैत्रात पंढरपुरास जाऊन आषाढीच्या दिंड्या शोधणे होय. टांझानियात मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ. रुआहा आणि लुआंग्वा येथे जून ते ऑक्टोबर हा कोरडा ऋतू. पाणवठे आटत जातात तसतसे प्राणी नदीकाठी गोळा होतात. दिवाळी ऑक्टोबरात आली की आपली सुट्टी आणि त्या रानाचा उत्तम काळ एकत्र येतात. ऊन कडक असते, पण परभणीच्या माणसाने उन्हाची भीती कोणाला सांगावी?

दुसरा आक्षेप मुलाबाळांचा आणि वृद्धांचा. तो खरा आहे आणि त्याचे उत्तर आधीच्या तयारीत आहे. बहुतेक तळांवर बारा वर्षांखालील मुलांना पायी फेरीस नेत नाहीत. तेव्हा धाकट्याला आणखी दोन वर्षे थांबवावे, अरण्य कोठे जात नाही. आतील भागात लहान विमानाने जावे लागते आणि त्यात साधारण १५ किलोच सामान, तेही मऊ पिशवीत, चालते. लग्नाचे बिऱ्हाड बरोबर नेता येत नाही. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्या पाहिजेत. वाटेत केनयात उतरावयाचे असेल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून तिचा दाखला जवळ ठेवावा, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडचण. त्से-त्से माशी गडद निळ्या व काळ्या कपड्यांकडे धावते, म्हणून फिके खाकी कपडे बरे. शाकाहाराची गोष्ट आधी कळविली तर सोय होते. तळ लहान असला म्हणजे स्वयंपाक्याशी दोन शब्द बोलता येतात. शंभर खोल्यांच्या उपाहारगृहात ते शक्य नाही. यांत कठीण असे काय आहे? मुलीच्या लग्नाची तयारी जो गृहस्थ वर्षभर करू शकतो त्याला हे सहज साधेल. परंतु वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून पैसे भरणे याहून सोपे, म्हणून सगळे तेथेच जातात.

तिसरा आक्षेप देशाभिमानी मित्रांचा, आणि त्याचा आम्ही आदर करतो. घरचे रान सोडून परक्याच्या रानात कशाला? आमचे म्हणणे असे की, घरचे रान पाहिल्यावाचून परक्याच्या रानात जाण्याचा अधिकारच पोहोचत नाही. परभणीहून नांदेडमार्गे किनवटपर्यंत आगगाडी जाते. किनवटच्या अंगाला पैनगंगा अभयारण्य आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वर. ताडोबाच्या दाराशी रांग लावणाऱ्या किती परभणीकरांनी ही नावे ऐकली आहेत? टिपेश्वर लहान आहे, पण तेथून निघालेल्या एका तरुण वाघाने २०१९ साली हिंगोलीच्या शिवारांतून वाट काढीत बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य गाठले. त्या वर्षाअखेरपर्यंत त्याची चाल सुमारे १,३०० किलोमीटर भरली. हिंगोली १९९९ पर्यंत आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. वाघ आपल्या शेजारच्या शिवारातून जातो आणि आपण सिंहासाठी समुद्र ओलांडतो! समुद्र ओलांडावा, पण हे ठाऊक असून ओलांडावा.

दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. आफ्रिकेतील हरणांचे कळप पाहून ज्यांचे डोळे निवतात त्यांच्याच जिल्ह्यात काळवीट आणि रोही रात्री पिकांत शिरतात. ज्याची तूर-हरभरा त्यांच्या तोंडी जातो तो शेतकरी शेतात जागल करतो. त्याला शिव्या ऐकाव्या लागतात त्या दोन्हीकडून: हरणाला मारले तर गुन्हा, न मारले तर उपवास, आणि शहरातील आम्ही मंडळी त्याच हरणाचे चित्र भिंतीवर लावतो. वन्य प्राण्यांचे ओझे जो वाहतो त्यालाच प्राण्यांच्या दर्शनाचे उत्पन्न मिळाले पाहिजे, हे न्सेफूच्या मुलखात १९५० साली कळले. आपल्याकडे माळरानाला पडीक म्हणण्याची खोड अजून सुटली नाही. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात अभयारण्य केले, पण तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. चित्ता १९५२ साली देशातून नामशेष ठरला आणि २०२२ साली तो नामिबियाहून आणावा लागला. घरचे गमावून मग आफ्रिकेकडे हात पसरण्याचा हा अनुभव एका राष्ट्राने घेतला आहे. तो कुटुंबांनी विसरू नये.

रुआहात जाणाऱ्या परभणीकरास तर आणखी एक गोष्ट दिसेल. ज्या ग्रेट रुआहा नदीवर ते उद्यान जगते तिचा प्रवाह १९९३ पासून कोरड्या ऋतूत खंडित होऊ लागला. वरच्या अंगाला उसांगूच्या सखल भागात भातासाठी घेतले जाणारे पाणी हे त्याचे एक प्रमुख कारण. उरलेल्या डबक्यांत पाणघोडे दाटीने उभे राहतात. वरच्यांनी पाणी अडविले म्हणजे खालच्यांचे काय होते, हे गोदावरीच्या काठच्या माणसास भाषांतर करून सांगावे लागत नाही. असे नाते जोडता येणे हाच प्रवासाचा लाभ. तो गाड्यांच्या गर्दीत, इंजिनांच्या धुरात पदरी पडत नाही.

म्हणून ज्या कुटुंबांनी यंदा असा बेत केला असेल त्यांस आमची सूचना अशी. या हिवाळ्यात मुलांना घेऊन जिंतूरजवळच्या येलदरीच्या जलाशयावर पहाटे जावे आणि तासभर न बोलता बसावे. पुढे टिपेश्वर किंवा पैनगंगा करावे. मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये निवर्तले. त्यांची पुस्तके घरात आणून पाखरांची मराठी नावे मुलांकडून पाठ करून घ्यावीत. वाघ न दिसता परतूनही मुले आनंदात असली, तर रुआहाचे किंवा लुआंग्वाचे तिकीट काढण्यास हरकत नाही. ती रुसली, तर तो पैसा त्यांच्या शिक्षणासाठी ठेवावा. सिंहाचे काहीएक अडणार नाही.