काम यंत्राला द्या, पण नजर आपली ठेवा

आमचे अनेक व्यापारी आणि कारागीर बंधू आता वेबसाइटवरूनही माल विकू लागले आहेत. मालेगावची साडी, मिरजेची सतार, कोल्हापूरची चप्पल घरबसल्या पाहून मागवणारे गिऱ्हाईक आज दूरदूरच्या गावांत आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. पण दुकान दोन ठिकाणी झाले की भाव आणि शिल्लकही दोन ठिकाणी लिहावी लागते, आणि घोळाची सुरुवात नेमकी तिथेच होते.

हा त्रास वाचवण्यासाठी वर्डप्रेसवर चालणाऱ्या वेबसाइटींना जोडता येतील असे अनेक प्लगइन मिळतात. आपण गूगल शीट्स किंवा एक्सेलच्या तक्त्यात मालाचा क्रमांक, भाव आणि शिल्लक लिहायची. प्लगइन ठरलेल्या वेळी तो तक्ता वाचतो आणि वेबसाइटवरचे आकडे बदलतो. दर तासाला, दिवसातून दोनदा किंवा रोज रात्री, अशी वेळ आपणच नेमून द्यायची. सोय चांगली आहे. मात्र "एकदा लावून दिले की आपण मोकळे" अशी जी समजूत पसरली आहे, ती आम्हाला मान्य नाही. या समजुतीने नुकसान झालेले आम्ही पाहिले आहे.

आमच्या परिचयातील एका कापड व्यापाऱ्याचे उदाहरण घ्या. ईदच्या आधीचा आठवडा होता. एका साडीचे १२ नग होते आणि तक्त्यातही १२ लिहिलेले होते. दिवसभरात वेबसाइटवरून ९ नग विकले गेले, वेबसाइटने शिल्लक ३ केली. रात्री नेमलेले काम चालले. त्याने तक्ता वाचला, तिथे अजून १२ होते, म्हणून वेबसाइटवर पुन्हा १२ लिहिले. दुसऱ्या दिवशी आणखी ७ नग विकले गेले. माल १२, मागण्या १६! चार गिऱ्हाइकांना ऐन सणाच्या तोंडावर नकार कळवावा लागला. पैसे परत केले, पण गेलेला विश्वास परत करता येत नाही. यंत्र चुकले नव्हते. त्याने सांगितलेले काम चोख केले होते. चूक ही की एकाच शिल्लकेचे दोन मालक ठेवले गेले.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, भाव तक्त्यातून येऊ द्या, पण शिल्लक कोठे मोजायची ते एकच ठिकाण ठरवा. ती वेबसाइटवर मोजायची असेल, तर रात्रीच्या कामातून शिल्लकेचा रकाना वगळा. तक्त्यातच मोजायची असेल, तर वेबसाइटवरची प्रत्येक विक्री आधी तक्त्यात उतरते की नाही याची खात्री करा. खतावणी एकच असावी, हा जुना नियम इथेही लागू आहे.

गिऱ्हाईक आले तरच जागा होणारा नोकर

दुसरी गोष्ट वेळेची. वर्डप्रेसमध्ये नेमलेली कामे चालवणाऱ्या व्यवस्थेला डब्ल्यूपी-क्रॉन म्हणतात. तिच्याकडे स्वतःचे घड्याळ नाही. कोणी वेबसाइट उघडली की ती पाहते, एखादे काम करायचे राहिले आहे का? असेल तर सुरू करते. म्हणजे गिऱ्हाईक दारात आले तरच जागा होणारा हा नोकर आहे. रात्री २ वाजताचे काम नेमले आणि सकाळी ८ पर्यंत कोणी फिरकलेच नाही, तर काम ८ वाजताच होणार. वेबसाइट वेगाने उघडावी म्हणून पानांची साठवलेली प्रत दाखवण्याची सोय केली असेल, तर गिऱ्हाईक येऊनही नोकराला जाग येत नाही, कारण वर्डप्रेसपर्यंत निरोपच पोहोचत नाही. मग सणाची सवलत संपली तरी जुना भाव दिसत राहतो, आणि त्या भावाने आलेली मागणी पुरी करायची की नाही, या पेचात दुकानदार सापडतो.

यावर उपाय आहे. वेबसाइट ज्या सर्व्हरवर ठेवली आहे, त्याच्या नियंत्रण पानावर बहुधा खरे क्रॉन असते. ते घड्याळावर चालते. त्यात दर १५ मिनिटांनी वर्डप्रेसला जागे करण्याची सूचना द्यावी. ती नीट चालते आहे याची खात्री झाल्यावरच वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घालून जुनी पद्धत बंद करावी. क्रम उलटा करू नका. जुने बंद केले आणि नवे लावायचे राहिले, तर एकही काम आपोआप होणार नाही. सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असू शकते, हेही तपासा. तसे असेल तर तिथे रात्री २ ला लावलेले काम आपल्याकडे सकाळी साडेसात वाजता होईल.

हजेरी घ्या

तिसरी गोष्ट देखरेखीची. दुकानातील माणसाची आपण हजेरी घेतो, मग या कामांची का घेऊ नये? डब्ल्यूपी क्रॉन्ट्रोल नावाच्या मोफत प्लगइनमध्ये नेमलेल्या सर्व कामांची यादी आणि प्रत्येकाची पुढची वेळ दिसते. वूकॉमर्स वापरणाऱ्यांना शेड्यूल्ड ॲक्शन्सच्या यादीत कोणते काम पूर्ण झाले, कोणते बाकी आहे आणि कोणते फसले, हे पाहता येते. आठवड्यातून एकदा ही यादी उघडा. काढून टाकलेल्या प्लगइनचे जुने काम कधी कधी यादीत मागे राहते. ते कोणाचे आहे हे जाणकाराला विचारूनच काढा.

गरज नसताना दर तासाला काम लावू नका. ज्याचा भाव महिन्यातून एकदा बदलतो, त्याला रोज रात्रीची फेरीसुद्धा पुष्कळ झाली. हजारो ओळींचा तक्ता वारंवार वाचला गेला, तर वेबसाइट मंदावते आणि ताटकळलेले गिऱ्हाईक निघून जाते.

सर्वांत मोठा धोका अर्धवट तक्त्याचा. कोणाच्या हातून निम्म्या ओळी पुसल्या गेल्या किंवा भावाचा रकाना एक घर सरकला, तरी यंत्राला शंका येत नाही. शिल्लकेचा आकडा ते भाव म्हणून लिहून मोकळे होते. म्हणून ओळी नेहमीपेक्षा फार कमी असतील किंवा भाव शून्य असेल, तर काम थांबावे आणि आपल्याला ईमेल यावा, अशी अट प्लगइनमध्ये असल्यास ती जरूर लावा. नसल्यास काम चालण्याआधी जुन्या भावांची प्रत राखून ठेवा. तक्त्यात हात घालण्याचा अधिकार एक-दोन विश्वासू माणसांनाच द्या.

कोणी म्हणेल, इतके पाहायचे तर यंत्राचा फायदा काय? फायदा आहेच. शेकडो भाव हाताने बदलण्याची मेहनत ते वाचवते. पण गिऱ्हाइकाला सांगितलेला भाव हा दुकानदाराचा शब्द असतो. तो भाव रात्री प्लगइनने लिहिला, ही सबब गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, आणि त्याने ती ऐकावी तरी का? आपल्या बंधूंनी वेबसाइट बनवून देणाऱ्याला आजच विचारावे की, माझ्या दुकानात कोणती कामे नेमलेली आहेत, ती केव्हा चालतात आणि एखादे फसले तर मला कसे कळते? याचे उत्तर एका कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावावे.