आकडा सुनांचा, कार्यक्रम लेकींसाठी

जालना जिल्ह्यात बालविवाहाचा विषय निघाला की ३५ टक्के हा आकडा हमखास येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी इतक्या जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाल्याचे आढळले. राज्याचे प्रमाण २१.९ टक्के. कोवळ्या वयातली बाळंतपणे, रक्तक्षय, कमी वजनाची बाळे हे सगळे याच्या मागोमाग येते, म्हणून आरोग्याची धोरणे या आकड्यावर बेतली जातात.

पण सामाजिक धोरणासाठी आकडे तपासणारा डेटा विश्लेषक आधी विचारतो, की हे ३५ टक्के नेमके कोणाचे?

पाहणीचे कर्मचारी घरोघरी जाऊन त्या घरात राहणाऱ्या किंवा आदल्या रात्री मुक्कामाला असलेल्या स्त्रियांची माहिती घेतात. सासरी गेलेली मुलगी माहेरच्या यादीत नसते. अंबडची मुलगी सोळाव्या वर्षी गोदावरीपलीकडे गेवराईत दिली, तर ती बीडच्या खात्यात जाते. सेलूहून परतूरला आलेली जालन्याच्या खात्यात. म्हणजे हा आकडा जिल्ह्यात नांदणाऱ्या सुनांबद्दल जास्त सांगतो, जिल्ह्यातून लग्न होऊन गेलेल्या लेकींबद्दल कमी. शाळा, अंगणवाडी, बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून नेमलेले ग्रामसेवक ही यंत्रणा मात्र लेकींपर्यंत लग्नाआधी पोचायची असते.

दुसरी अडचण नमुन्याची. महाराष्ट्रात या फेरीत सुमारे ३३,७५० स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. ३६ जिल्ह्यांत वाटल्या तर जिल्ह्यामागे सरासरी साडेनऊशेही भरत नाहीत. त्यांत २० ते २४ वयाच्या साधारण दीडशे. एवढ्या नमुन्यावर ३५ म्हणजे ढोबळमानाने २७ ते ४३ यांमधले काहीही. जालना राज्याच्या सरासरीपेक्षा वाईट स्थितीत आहे, एवढे यातून ठामपणे म्हणता येते. बीडच्या ४३.७ पेक्षा चांगला आहे, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी क्रमवारीच्या बातम्या छापून येतातच.

शिवाय २०१९ मध्ये विशी-चोविशीत असलेल्या मुलींनी अठरावे ओलांडले ते २०१३ ते २०१७ च्या सुमारास. त्यानंतरच्या कोणत्याही मोहिमेचे यश-अपयश या आकड्यात शोधणे व्यर्थ आहे.

मग जिल्ह्याने पाहायचे कशाकडे? आठवी-नववीनंतर हजेरीपटावरून गळालेल्या मुलींकडे, गावनिहाय. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या किशोरींकडे तर आधी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील पहिलटकरणींच्या नोंदीतून वयासोबत माहेरचे गाव कळले, तर लेकी कोठून जातात याचा माग दरवर्षी काढता येईल. त्यासाठी पाच-सहा वर्षे पुढच्या पाहणीची वाट पाहावी लागणार नाही.

यातही एक खाच आहे. अठराखालील गर्भवतीची माहिती पोलिसांना देणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. घरच्यांना ते ठाऊक असते; मग वय वाढवून सांगितले जाते, किंवा मुलीला दवाखान्यात आणणेच टाळले जाते. नोंदीत अठराखालच्या गर्भवती कमी दिसू लागल्या, तर ती सुधारणा की लपवाछपवी, हे संगणकावर कळत नाही. त्यासाठी आशाताईंना विचारावे लागते, आणि तेही त्यांच्या नावावर काही येणार नाही याची हमी देऊन.