उन्माद घरबसल्या मोजू नका

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘तुमच्या मुलाला उन्माद आहे का?’ या मथळ्याखाली अकरा मुद्द्यांचा तक्ता आला. सोमवारपासून पालक माझ्याकडे आकडे घेऊन येत आहेत. एका आईने नववीतल्या मुलाला २६ गुण पडल्याचे वहीत लिहून आणले. मुलगा दाराबाहेर उभा राहून सगळे ऐकत होता.

तो तक्ता म्हणजे ‘यंग मॅनिया रेटिंग स्केल’. १९७८ साली ही मोजपट्टी तयार झाली ती रुग्णालयात दाखल असलेल्या प्रौढ रुग्णांसाठी. निदान झालेल्या आजाराची तीव्रता किती आणि उपचारांनी ती उतरते का, हे तिने पाहायचे असते. आजार आहे की नाही, हे ती ठरवत नाही. गुणही द्यायचे ते जाणकाराने, रुग्णाशी बोलून. एवढे तरी छापायला हवे होते!

एकूण गुण ६०. त्यातले तब्बल ३२ चारच मुद्द्यांना : चिडचिड, बोलण्याचा वेग, विचारांचा आशय आणि आक्रमक वागणे. उरलेल्या सात मुद्द्यांना मिळून २८. पंधराव्या वर्षी चिडणे, उलट बोलणे, दार आपटणे कोणत्या घरात नसते? वैतागलेल्या पालकांनी गुण दिले की आकडा फुगणारच. झोपेचेही तेच. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघून वर्गात पेंगणारा मुलगा वेगळा. आणि दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना, अखंड बोलणारा, अचाट बेत आखणारा मुलगा वेगळा. या दुसऱ्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. मूल एरवीपेक्षा किती बदलले आणि किती दिवस, हे महत्त्वाचे. निदानाला साधारण आठवडाभर टिकणारा बदल लागतो. हा तक्ता मागच्या ४८ तासांपुरता असतो.

पण पालकांनी तरी जायचे कुठे? देशात लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि मुलांचे तज्ज्ञ तालुक्याच्या ठिकाणी शोधूनही सापडत नाहीत. बहुतेक शाळांत समुपदेशकाचे पद नाही. शासनाला याची लाज वाटायला हवी.

येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत खुलासा छापा. सोबत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही द्या.

— एक शालेय समुपदेशक, सातारा